बायबलमधल्या प्राचीन जागा बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, नाशिक, अहिल्यानगर, पुणे, मुंबई, सगळीकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. विचारणाऱ्यांत चर्चच्या ग्रुपबरोबर निघालेली श्रद्धाळू मंडळी असतात तशीच फक्त इतिहासाची आवड असणारीही असतात, त्यामुळे उत्तरं दोघांनाही चालतील अशी दिली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग गुंतागुंतीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे नंबर दिलाय.

१. बायबलमधल्या जागा म्हणजे फक्त इस्रायलच ना?

नाही हो. इस्रायल आणि पॅलेस्टाईन (बेथलेहेम, यरीहो) हा मुख्य भाग, पण जॉर्डनमध्ये नबो पर्वत आहे जिथून मोशेने वचनदत्त देश बघितला असं मानतात, शिवाय मादाबाच्या चर्चमधला सहाव्या शतकातला जमिनीवरचा मोझेइक नकाशा आहे, ज्यात यरुशलेमचे रस्ते आणि दरवाजे ओळखू येतात. इजिप्तमध्ये सिनाय. तुर्कस्तानात इफिस आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या बाकीच्या सहा मंडळ्या (सुरुवातीची चर्चेस), ग्रीसमध्ये करिंथ, फिलिप्पै, अथेन्स. आपल्याकडचे टूरवाले बहुतेक जॉर्डन-इस्रायल-इजिप्त असं तीन देशांचं पॅकेज विकतात आणि त्यालाच "होली लँड" म्हणतात. पौलाच्या प्रवासात रस असेल तर तुर्कस्तान-ग्रीस वेगळं करा, एकात कोंबू नका.

२. सध्या जाणं सेफ आहे का?

याचं कायमचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तिथली परिस्थिती सारखी बदलतेय, विमानं बंद होतात, परत सुरू होतात, हद्दी बंद होतात. बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. टूर कंपनीचा "काही प्रॉब्लेम नाही" हा शब्द पुरेसा नाही. कॅन्सलेशनच्या अटी लेखी घ्या, आणि इन्शुरन्समध्ये युद्धाची परिस्थिती कव्हर होते का ते विचारा, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. थोडीही शंका असेल तर जॉर्डन किंवा तुर्कस्तान आधी करा, या जागा हजारो वर्षं थांबल्यात, अजून एक वर्ष थांबतील.

३. व्हिसा लागतो का? आणि इस्रायलचा शिक्का बसला की दुसरीकडे अडचण येते का?

भारतीय पासपोर्टला इस्रायलचा व्हिसा आधी काढावाच लागतो, प्रक्रिया बदलत असते म्हणून दूतावासाच्या अधिकृत साईटवरच बघा. शिक्क्याचं म्हणाल तर विमानतळावर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी छोटी चिठ्ठी देतात, ती परत निघेपर्यंत सांभाळा. पण जमिनीवरच्या हद्दीतून जॉर्डनला किंवा इजिप्तला गेलात तर त्या देशाच्या शिक्क्यावर हद्दीचं नाव असतं, आणि त्यावरून तुम्ही कुठून आलात ते कळतंच. आणखी एक गोष्ट जी लोकांना ऐन वेळी कळते: यरीहोजवळच्या किंग हुसेन पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, तिथून जाणार असाल तर तो हातात असायला हवा.

४. कधी जावं? किती दिवस पुरतात?

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात मृत समुद्राजवळ आणि यरीहोत अंगाची लाही होते, दोन्ही समुद्रसपाटीच्या खाली आहेत, मृत समुद्राचा काठ तर ४३० मीटरच्याही खाली. वल्हांडण (पेसाख) आणि मंडपांचा सण (सुक्कोत) या दिवसांत हॉटेलं महाग आणि गर्दी प्रचंड. योम किप्पूर या यहुद्यांच्या उपासाच्या दिवशी देश अक्षरशः बंद असतो.

दिवसांबद्दल माझं स्पष्ट मत असं की जागा कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त थांबा. दिवसाला सात-आठ "पॉईंट" असलेली टूर म्हणजे बसमध्ये चढणं-उतरणं आणि फोटो. यरुशलेमला निदान तीन पूर्ण दिवस द्या, गालीलला दोन.

५. शब्बाथला सगळं बंद असतं म्हणतात, मग शनिवारी करायचं काय?

शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत यहुदी भागातल्या बस, दुकानं, बरीच हॉटेलं-रेस्टॉरंट बंद. पण जुन्या शहरातला मुस्लिम आणि ख्रिस्ती मोहल्ला चालू असतो, दमास्कस गेटजवळून अरब बसही सुटतात. त्यामुळे शनिवार हा जैतुनांचा डोंगर, गेथशेमाने (येशूला अटक झाली ती बाग), बेथेस्दाचं तळं यासाठी ठेवा. बेथेस्दाच्या शेजारीच संत हन्नाचं क्रुसेडर काळातलं चर्च आहे, त्यात आवाज इतका घुमतो की ग्रुपने साधं एक मराठी गीत म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

६. गाईड प्रत्येक ठिकाणी नुसती मातीची टेकडी दाखवतो. त्यात बघायचं काय असतं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण हे कळलं नाही तर निम्मी ट्रिप कंटाळवाणी जाते. मगिद्दो, लाखीश, हासोर, दान, यरीहो या सगळ्या टेकड्या निसर्गाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात. मातीच्या विटांचं गाव पडलं, जळलं, की त्याच्यावरच सपाटी करून पुढचं गाव, कारण पाण्याचा झरा आणि व्यापाराचा रस्ता तिथेच. आपल्याकडे सारवून सारवून जुन्या घराची जमीन जशी वर चढत जाते तसंच, फक्त इथे हा हिशेब हजारो वर्षांचा. मगिद्दोला अशा वीसहून जास्त वस्त्यांचे थर सापडलेत. म्हणजे शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन भिंतींमध्ये हजार वर्षांचं अंतर असू शकतं.

म्हणून प्रत्येक ठिकाणी गाईडला एकच विचारा: "मी आत्ता कुठल्या शतकात उभा आहे?" चांगला गाईड खूष होतो आणि मग खरं सांगायला लागतो.

७. "इथेच येशू बसला होता" असं सांगतात ते खरं असतं का?

माझ्या मते जागांचे तीन प्रकार करावेत. पहिला, जिथे दगडच बोलतो, म्हणजे शिलालेख किंवा बांधकाम सापडलंय (प्रश्न ९, १२). दुसरा, जिथे परंपरा खूप जुनी आहे आणि पुरावा तिच्या विरोधात जात नाही (प्रश्न १०, १५). तिसरा, जिथे फक्त यात्रेकरूंच्या सोयीसाठी किंवा श्रद्धेने जागा ठरवली गेली.

उदाहरणार्थ गेथशेमानेतली जैतुनाची झाडं. ज्या खोडांचं वय तपासता आलं ती बाराव्या शतकातली निघाली, आतला गाभा पोकळ असल्याने त्यामागचं मोजता येत नाही. म्हणून तिथे प्रार्थना करू नये असं थोडंच आहे, डोंगर तोच, दरी तीच, समोर शहराचा तट. पण "याच झाडाखाली" असं छातीठोक सांगणाऱ्याकडून पानं विकत घेऊ नका.

८. मराठी बायबलमधली नावं आणि तिथल्या बोर्डवरची नावं जुळत नाहीत, कसं शोधायचं?

निघायच्या आधी छोटी यादी करा. कफर्णहूम म्हणजे कपर्नाउम किंवा कफर नहूम, यरीहोची जुनी टेकडी नकाशावर तेल अस्-सुलतान म्हणून आहे, शोमरोन म्हणजे सबास्तिया, बैरशेबा म्हणजे बेअर शेवा, आणि हिज्कीयाचा बोगदा "सिटी ऑफ डेव्हिड" या बोर्डाखाली मिळतो. गाईड इंग्रजीत बोलतो आणि आपल्या आजी-आजोबांना मराठी नावंच माहीत असतात, तेव्हा ही यादी प्रिंट करून प्रत्येकाच्या हातात द्या, सोबत त्या त्या जागेचा अध्याय आणि वचनंही लिहा.

९. यरुशलेममध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर कुठली?

चर्चवाल्यांना मी सांगितलेलं पटत नाही कधीकधी, पण माझं उत्तर हिज्कीयाचा बोगदा.

इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. शहराचा एकमेव कायमचा झरा, गीहोन, तटाच्या पायथ्याशी. वेढा पडला तर शत्रूला पाणी आणि आपण तहानलेले. तेव्हा खडक पोखरून पाणी शहराच्या आत शिलोहच्या तळ्यापर्यंत नेलं, २ राजे २०:२० आणि २ इतिहास ३२:३० मध्ये हेच आहे. बोगदा ५३३ मीटर, नागमोडी, आणि दोन टोकांकडून दोन टोळ्यांनी खणत आणलेला.

आत अजूनही पाणी वाहतं, गुडघ्यापर्यंत, सुरुवातीला काही पावलं मांडीपर्यंत, थंडगार. टॉर्च लागतोच. भिंतीवर हात फिरवा, छिन्नीचे घाव बोटांना लागतात, आणि एका दिशेने तिरके जात असतात. मधोमध कुठेतरी ते अचानक उलट्या दिशेचे होतात, तिथे बोगदा थोडा इकडेतिकडे वळवळतो, आधी सुरू करून सोडून दिलेले आंधळे तुकडे दिसतात, कारण दोन्हीकडचे पाथरवट एकमेकांचा आवाज ऐकून दिशा शोधत होते. हे मी मनाने सांगत नाहीये. १८८० मध्ये शिलोहच्या टोकाजवळ आत खेळणाऱ्या मुलांना भिंतीवर कोरलेला लेख दिसला, त्यात लिहिलंय की तीन हात खडक राहिला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी वाहिलं. राजाचं नाव त्यात कुठेच नाही, फक्त कामगारांची गोष्ट! हा लेख भिंतीतून काढला गेला आणि सध्या इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे.

साधारण ४० मिनिटं लागतात. काही जागी वाकावं लागतं, रुंदी खांद्याएवढी. बंद जागेची भीती असेल तर शेजारचा कोरडा कनानी बोगदा आहे. बाहेर पडल्यावर शिलोहचं तळं, योहान ९ मधल्या आंधळ्याला येशूने धुवायला पाठवलं ते. त्या काळच्या तळ्याच्या पायऱ्या २००४ मध्ये सांडपाण्याच्या पाईपचं काम करताना उघड्या पडल्या, तोपर्यंत लोक जवळच्या नंतरच्या छोट्या तळ्यालाच शिलोह समजत होते.

एवढं मात्र माहीत असू द्या की ही सगळी जागा सिल्वान या पॅलेस्टिनी वस्तीत आहे, आणि तिथलं उत्खनन कोण करतं, कुणाच्या घराखाली करतं, यावरून खूप मोठा वाद आहे. जाताना-येताना तिथे माणसं राहतात हे विसरू नका.

१०. येशूची कबर दोन ठिकाणी दाखवतात, खरी कुठली?

एक पवित्र कबरेचं चर्च (होली सेपल्कर), दुसरी दमास्कस गेटबाहेरची गार्डन टूम्ब.

होली सेपल्कर शहराच्या मध्ये आहे म्हणून लोकांना वाटतं की हे कसं, वधस्तंभ तर शहराबाहेर होता. पण त्या काळी ती जागा तटाबाहेरच होती, नवा तट इ.स. ४१-४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाच्या वेळी सुरू झाला. चर्चच्या आतच, मागच्या अंधाऱ्या सिरियन चॅपेलमध्ये, पहिल्या शतकाच्या धाटणीच्या खडकात कोरलेल्या कबरी आजही दिसतात, म्हणजे हे दफनाचं ठिकाण होतं हे नक्की. रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात इथे चर्च बांधलं. २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी कबरेवरची फरशी उचलली तेव्हा खालच्या चुन्याचं वय साधारण इ.स. ३४५ निघालं. हीच ती कबर हे यातून सिद्ध होत नाही, पण कॉन्स्टंटाईनच्या काळापासून लोक याच खडकाला मानत आलेत एवढं पक्कं.

गार्डन टूम्ब १८६७ मध्ये उजेडात आली आणि ब्रिटिश सेनाधिकारी जनरल गॉर्डनमुळे १८८३ नंतर गाजली. कबरेची घडण मात्र इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातली आहे, आणि योहान १९:४१ मध्ये "नवी कबर" म्हटलंय. पुराव्याने बघितलं तर पारडं होली सेपल्करकडे झुकतं. पण शांतपणे बसून प्रभुभोजन घ्यायचं असेल तर गार्डन टूम्बसारखी जागा नाही, होली सेपल्करमध्ये सहा पंथांची गर्दी, धूप, घंटा आणि ढकलाढकल. दोन्ही बघा, कशाला कुठे जाताय ते माहीत असू द्या.

११. वाया दोलोरोसावरून चालताना हाच तो रस्ता समजायचं का?

येशू क्रूस घेऊन चालला तो रस्ता म्हणून दाखवतात ती ही चौदा स्थानांची वाट मध्ययुगानंतर हळूहळू ठरत गेलेली भक्तीची वाट आहे. पिलाताचा न्याय हेरोदाच्या राजवाड्यात, म्हणजे आजच्या याफा गेटच्या बाजूला झाला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, तसं असेल तर रस्ता उलट्या बाजूने येतो. शिवाय पहिल्या शतकातला रस्ता आजच्या फरशीच्या बराच खाली गाडलेला आहे. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन पाद्री क्रूसाची वाट काढतात, कॅथोलिक मंडळींनी त्यात जरूर सामील व्हावं, शतकानुशतकं चालत आलेली ती पावलं तर खरीच आहेत.

१२. दावीद राजा खरंच होऊन गेला याचा पुरावा आहे का?

१९९३ मध्ये उत्तरेला तेल दानच्या उत्खननात भिंतीत वापरलेला एक फुटका काळा दगड सापडला. अरामी भाषेत कुणी शत्रू राजा आपल्या विजयाची बढाई मारतोय आणि त्यात "दावीदाचं घराणं" असे शब्द आहेत, काळ इ.स.पू. नववं शतक. शत्रूच लिहितोय म्हणून त्याला जास्त वजन. दावीद नावाचा मूळपुरुष होता हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचं राज्य किती मोठं होतं यावर मात्र भांडण चालूच आहे. मगिद्दो, हासोर, गेजेर इथले सहा खोल्यांचे दरवाजे शलमोनाने बांधले (१ राजे ९:१५) असं पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन म्हणायचे, दुसरे पुरातत्त्वज्ञ इस्रायल फिंकेलस्टाईन ते सुमारे शंभर वर्षांनी नंतरचे धरतात. मगिद्दोच्या दारात उभं राहून गाईडला दोन्ही बाजू सांगायला लावा. तेल दानचा तो दगड इस्रायल म्युझियममध्ये आहे (प्रश्न २०).

१३. यरीहोच्या पडलेल्या भिंती दिसतात का?

भिंती दिसतात, पण त्या यहोशवाच्या गोष्टीतल्या आहेत असं म्हणता येत नाही. १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ गारस्टँगने त्या सापडल्याचं जाहीर केलं होतं, नंतर पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियनने १९५२ ते ५८ खणून दाखवलं की मोठं तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५० च्या आसपासच जळालं, आणि यहोशवाचा काळ ज्या तेराव्या शतकात बहुतेक जण धरतात तेव्हा तिथे फारशी वस्ती नव्हती. काही श्रद्धाळू अभ्यासक तारखा वेगळ्या लावतात, तो वाद आहे.

पण यरीहोत जे आहे ते यापेक्षा खूप जुनं आहे: साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज, साधारण इ.स.पू. ८००० चा, आत पायऱ्यांसकट. चाकाची गाडी नाही, मातीचं भांडं नाही, अशा काळात हे बांधलंय. बरेच ग्रुप रोपवेने मोहाच्या डोंगरावर जातात आणि खाली या खड्ड्याकडे वाकूनही बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. २०२३ मध्ये ही टेकडी जागतिक वारसा झाली.

१४. बेथलेहेम आणि यरीहोला जायला वेगळी परवानगी लागते का?

दोन्ही पॅलेस्टिनी प्रशासनाखाली आहेत. परदेशी पर्यटकाला साधारणपणे वेगळा व्हिसा लागत नाही, पण येताना चेकपोस्टवर पासपोर्ट आणि ती चिठ्ठी (प्रश्न ३) दाखवावी लागते. इस्रायली नंबरच्या भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा तिथे चालत नाही, म्हणून बस किंवा तिकडची टॅक्सी. इस्रायली ज्यू गाईडला तिथे सहसा नेता येत नाही, बहुतेक वेळा स्थानिक गाईड घ्यावा लागतो, आणि तो घ्याच, बेथलेहेमच्या ख्रिस्ती घरांचं पोट यावरच आहे. जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, वाकूनच आत जावं लागतं. इमारत सहाव्या शतकातली, पण जमिनीतल्या झडपांखाली चौथ्या शतकातल्या पहिल्या चर्चचं मोझेइक दिसतं, ते चुकवू नका.

१५. गालीलमध्ये पाहण्यासारखं काय आहे?

कफर्णहूमला घाई करू नका. पांढऱ्या चुनखडीचं सुंदर सभास्थान आहे, सगळे त्याचाच फोटो काढतात, पण ते चौथ्या-पाचव्या शतकातलं. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी खाली वाका: पांढऱ्या दगडांच्या खाली काळ्या बेसॉल्टचा पाया सुरू होतो, आणि दोघांची रेष सरळ जुळतही नाही. हा काळा थर येशूच्या काळच्या सभास्थानाचा असावा असं खणणाऱ्यांचं म्हणणं. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड, त्यामुळे मराठी डोळ्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. काही पावलांवर, आधुनिक चर्चच्या खाली, पेत्राचं घर म्हणून दाखवतात ते. साधंच पहिल्या शतकातलं घर, पण त्यातल्या एका खोलीला लवकरच गिलावा केलेला, भिंतींवर यात्रेकरूंनी ओरखडून लिहिलेलं, आणि पाचव्या शतकात त्याभोवती अष्टकोनी चर्च. म्हणजे लोक फार आधीपासून त्या खोलीला मान देत होते.

दुसरं म्हणजे गिनोसारची होडी. १९८६ मध्ये दुष्काळाने तळ्याचं पाणी खूप आत गेलं आणि चिखलात दोन मच्छीमार भावांना लाकडाची कड दिसली. आठ मीटरहून थोडी लांब, पहिल्या शतकाच्या सुमाराची, बारा वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून सारखी दुरुस्त करत वापरलेली. पेत्राची होडी वगैरे म्हणू नका, कुणा गरीब कोळ्याची आहे. पण वसई-अर्नाळ्याच्या माणसाला ती बघून जे कळेल ते प्रवचनातून कळणार नाही.

मग्दालाचं सभास्थान २००९ मध्ये हॉटेलचं काम करताना सापडलं, आणि ते नक्की पहिल्या शतकातलं आहे.

१६. बाप्तिस्म्याची जागा कुठली? आम्हाला यार्देनेत उतरायचंय.

तीन जागा आहेत. जॉर्डनच्या बाजूला अल-मग्तास, जुन्या चर्चचे अवशेष असलेली, २०१५ पासून जागतिक वारसा. बरोबर समोरच्या काठावर कास्र अल-याहूद, नदी तिथे इतकी अरुंद की पलीकडचे लोक बोलतात ते ऐकू येतं. तिसरी गालील तळ्याच्या तोंडाशी यार्देनित, ती विसाव्या शतकात केलेली सोय आहे, पाणी स्वच्छ, कपडे बदलायला जागा. वृद्ध मंडळी असतील तर यार्देनित सोपी, इतिहास हवा असेल तर पहिल्या दोन.

१७. पश्चिमेच्या भिंतीला आणि मंदिराच्या टेकडीवर कुणालाही जाता येतं का?

भिंतीपाशी हो. पुरुष-बायका वेगळे, पुरुषांनी डोकं झाकायचं, शब्बाथला फोटो नाही. आणि ही मंदिराची भिंत नव्हे, हेरोदाने मंदिराभोवती जो प्रचंड चौथरा केला त्याचा आधार. दक्षिणेच्या कोपऱ्याला रॉबिन्सनच्या कमानीखाली इ.स. ७० मध्ये रोमी सैनिकांनी वरून ढकललेले दगड रस्त्यावर पडलेत तसेच आहेत, खालची फरशी त्यांच्या धक्क्याने खचलेली.

वर मंदिराच्या टेकडीवर, जिला मुस्लिम हराम अश-शरीफ म्हणतात, बिगर-मुस्लिमांना मुघ्राबी गेटमधूनच, ठरावीक वेळात, शुक्रवार-शनिवार सोडून. तिथे बायबल, क्रूस घेऊन जाऊ नका, काढून ठेवायला लावतात, प्रार्थनाही करायची नाही. हे नियम ऐन वेळी बदलतात.

१८. सिनाय पर्वत इजिप्तमधलाच का? आणि निर्गमचा काही पुरावा?

जेबेल मूसा (२२८५ मीटर) ही चौथ्या शतकापासूनची परंपरा, पायथ्याचा संत कॅथरिन मठ सहाव्या शतकातला. इतर डोंगरांची नावंही पुढे येतात, पण निर्गमकाळाचा (इस्राएल लोक मिसरातून बाहेर पडले तेव्हाचा) म्हणावा असा अवशेष कुठेच सापडलेला नाही, हे सरळ मान्य करावं. "इस्रायल" हे नाव सर्वात आधी येतं ते फारो मर्नेप्ताहच्या इ.स.पू. १२०८ च्या आसपासच्या शिलालेखात, तो कैरोत आहे. चढाई रात्री करतात, उंटाची वाट किंवा ३७५० दगडी पायऱ्या. थंडी कडक असते, स्वेटर न्या.

१९. काना, अम्माऊस, बेथसैदा... प्रत्येकाच्या दोन-तीन जागा कशा?

कारण गावं उठली, नावं विसरली, आणि नंतर यात्रेकरूंनी रस्त्यावरची सोयीची जागा धरली. कानासाठी बस कफर कन्नाला थांबते, जिथे जोडपी लग्नाची शपथ पुन्हा घेतात, पण खणणाऱ्यांचा कल खिरबेत काना नावाच्या ओसाड टेकडीकडे आहे. बेथसैदासाठी एट-तेल आणि एल-अराज अशा दोन जागांचा वाद. अम्माऊसच्या तर आणखी जास्त. तपासायची पद्धत प्रश्न ७ मध्ये.

२०. शिलालेख, लेख वगैरे त्या त्या जागेवरच बघायला मिळतात का?

बहुतेक नाही, आणि लोक तिथे जाऊन निराश होतात. तेल दानचा दगड, कैसरियाला १९६१ मध्ये सापडलेला पंतय पिलाताच्या नावाचा दगड, आणि गणना ६:२४-२६ चा आशीर्वाद कोरलेल्या केतेफ हिन्नोमच्या चांदीच्या छोट्या गुंडाळ्या (१९७९) हे सगळं यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये. मृत समुद्राच्या गुंडाळ्याही (तिथल्या गुहांत सापडलेली जुनी हस्तलिखितं) तिथेच, पण तिथे गोलाकार मांडलेली मोठी यशयाची गुंडाळी ही प्रतिकृती आहे, मूळ सात मीटरहून लांब चामडं जपून ठेवलंय. मवाबचा राजा मेशा याच्या लेखाचा दगड पॅरिसला. लाखीशच्या वेढ्याची सन्हेरीबाने कोरून घेतलेली चित्रं लंडनला, आणि त्याच वेढ्याचा दगडी उतार मात्र लाखीशला जागेवरच आहे. सन्हेरीब आपल्या लेखात म्हणतो की हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, पण यरुशलेम घेतलं असं तोही म्हणत नाही.

२१. आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

झेपेल, पण यादी कापा. हिज्कीयाचा बोगदा, मगिद्दोचा पाण्याचा बोगदा (खूप पायऱ्या), सिनाय वगळा. जुन्या शहराची फरशी गुळगुळीत झालेली आहे, पावसात घसरते, चपला नकोत, चांगले बूट हवेत. कफर्णहूम, जन्मस्थानाचं चर्च, गिनोसार, नबो पर्वत त्यांना आरामात जमतं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे सगळ्यांनीच.

२२. तिथून जुनं नाणं किंवा मातीचा दिवा आणता येईल का?

जमिनीवर पडलेला खापराचा तुकडाही उचलायचा नाही, गुन्हा आहे. इस्रायलमध्ये परवानाधारक दुकानदार जुन्या वस्तू विकू शकतात, पण देशाबाहेर न्यायला लेखी परवानगी हवी, आणि बाजारात नकली माल भरपूर. त्यापेक्षा बेथलेहेमच्या कारागिराने जैतुनाच्या लाकडात केलेली वस्तू घ्या.

२३. तिकडे मराठी बोलणारं कुणी भेटतं का?

भेटतं! कोकणातून गेलेले बेने इस्रायल (मराठी यहुदी) लोक लोद, रामला, अश्दोद, बेअर शेवा, दिमोना भागात राहतात, मागच्या पिढ्यांच्या घरात मराठी बोललं जातं, मलिदाही (त्यांचा नवस-प्रार्थनेचा विधी) होतो. पण पर्यटक म्हणून कुणाच्या घरी टपकू नका, ओळखीतून, आधी विचारून जा.

२४. आमचं जाणं होणारच नाही, मग?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या अश्शूरी राजवाड्यातले दगडी शिल्पपट आहेत. निमरूद म्हणजे उत्पत्ती १० मधलं कालह. लाखीश उद्ध्वस्त करणाऱ्या साम्राज्याचे दगड मुंबईत बघता येतात आणि रविवारच्या शाळेची मुलं त्यासमोरून सरळ पुढे जातात, त्यांना तिथे थांबवा, २ राजे १८ वाचा. आणि अलिबागच्या बाजूला गेलात तर नवगावचं बेने इस्रायलांचं जुनं दफनस्थान आणि खंडाळे-सागावकडचा एलियाहू हनावीचा टापा बघा, जिथे खडकावर एलीया संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असं ते मानतात. परंपरेची जागा आहे, प्रश्न ७ मधला तिसरा प्रकार, तरी लोक अजून नवस फेडायला येतात, तेव्हा चपला काढून, आवाज खाली ठेवून जा.